दुसरीच्या वर्गातला झाडू

सिडकोतल्या माझ्या भाच्याच्या शाळेत दुसरीच्या वर्गाचा ‘आपले मदतनीस’ असा कार्यक्रम होता. कुणी पोस्टमन झालं होतं, कुणी पोलीस. एका मुलीला सफाई कामगार व्हायचं होतं. शाळा झाडणाऱ्या मावशींनी तिला स्वतःचा झाडू दिला होता, दोन दिवस शिकवलंही होतं. त्या दाराशी, माझ्या खुर्चीजवळ उभ्या राहून अजून तिला सांगत होत्या, “लई जोर नाय लावायचा, बाई. धूळ उडती.”

तेवढ्यात मुलीची आई आली. “मॅडम, माझ्या लेकीला झाडूवाली केलंत? फोटो ग्रुपवर जाणार, लोक काय म्हणतील?”

मावशी दोन हातांवर होत्या, तरी त्या आईनं आवाज खाली आणला नाही. मॅडम घाईनं म्हणाल्या, “सॉरी हं, डॉक्टरचा एक कोट आहे शिल्लक.” मुलगी रडायला लागली. मॅडमनी तिच्या हातातला झाडू काढून मावशींना दिला. मावशींनी तो चोरीचा असल्यासारखा पदराआड धरला. माझं डोकं तापलं, आणि तरीही मी खुर्चीतून उठलो नाही. त्याची चीड अजून गेलेली नाही.

भिंतीवर ‘सर्व कामे समान’ असा तक्ता होता. त्याच्याखाली उभ्या राहून मॅडम यादी वाचत एकेकाला पुढे बोलावू लागल्या. मध्येच अडखळल्या आणि माइकवर म्हणाल्या, “सफाई कामगार आज आलेले नाहीत.”

मावशी माझ्याकडे वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, “सकाळी सातपासून इथंच हाय की मी, दादा.”