आईच्या मेलेल्या पायानं डॉक्टरांचा हात मोडला

आमच्या बौद्ध घरात करणी, अंगात येणं, बाहेरची बाधा असले शब्द कुणी काढले की बाबा ताटावरून उठून जायचे. मी स्वतः हिंगणघाटला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. तरीही हे लिहितेय... कारण मी तिथे होते.

गेल्या वर्षी आईचा खुबा बदलला. खासगी हॉस्पिटल, नाव लिहीत नाही. ऑपरेशन झालं आणि उजवा पाय मेला. गुडघा मिटेना, पंजा लोंबायचा. एकदा शेकायची पिशवी पोटरीवर फुटली, कातडी सोलून निघाली — आई शेजारणीशी बोलतच होती!

टाके निघायच्या आतच दादा आणि मी तिला पुन्हा त्याच डॉक्टरांकडे नेलं.

"आजी, नस एकदम ओके आहे. तुम्हीच जोर लावत नाही."

"साहेब, तो पाय मले माया वाटूनच नाई राह्यला," तपासायच्या टेबलावर आडवी पडलेली आई हात जोडून म्हणाली.

"नाटकं पुरे!" म्हणत त्यांनी तिच्या गुडघ्याखाली हात घातला आणि पाय वर झटकला.

गुडघा मिटला. फटकन. त्यांचं मनगट आत.

"सोडा... ए, सोडा!" ते ओरडले. दादानं आणि मी घोटा धरून सगळा जीव लावून ओढला, पाय तसूभर हलेना. मग हाड मोडल्याचा आवाज आला. डॉक्टर किंचाळत कोसळले, टेबलाची कड कपाळात घुसली, डोळ्यांत रक्त उतरलं. तरी पाय आवळतच होता. आई स्वतःच्याच मांडीवर मुठी हाणत होती — "सोड त्याईले! सोड! दादा, मी नाई करून राह्यली रे!" खुब्यावरची जखम उसवली, चादर लाल झाली.

आणि एकदम पाय सुटला. पंजा पुन्हा लोंबायला लागला.

नंतर नागपूरला नसांची तपासणी केली. तिथल्या डॉक्टरांनी मांडीत सुया टोचून पाहिल्या. म्हणाले, "ऑपरेशनमध्येच नस कापली गेलीय. हा गुडघा स्वतःहून मिटणं शक्यच नाही."

"मंग त्या मानसाचा हात कोनं मोडला?" आईनं विचारलं.

त्यांनी रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. आईला अंघोळ मीच घालते, पायाला तेलही मीच लावते... पण त्या गुडघ्याखाली हात घालायची हिंमत होत नाही.