आक्कांची सुरगाठ

युसूफवडगावच्या बाजारात मी दोराच्या दुकानासमोर उभी होते, तेव्हा फोन आला. सकाळीच आक्कांनी बजावलं होतं, "नायलॉन आणू नको गं, वासराचं तोंड सोलतंय." म्हणून सुती दोर हातात धरून मी भाव करत होते. फोनवर माझे मालक एवढंच म्हणाले, "आक्का गेल्या... घरी ये." बांधलेल्या कालवडीला आधी सोडून मग त्या पाणी प्यायला उठल्या होत्या, आणि ओसरीवरच कोसळल्या. मी तो दोर घेऊनच घरी आले. कशाला घेतला, ते मला सांगता आलं नसतं.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमच्यात लाडीगोडी कधी नव्हती. मी फटकळ, त्या हट्टी. पण घरातल्या प्रत्येक वासराला तोंडावरच्या म्होरकीची सवय त्यांनीच लावली. गळ्यात दावं अडकवून मोकळं होणाऱ्यांचा त्यांना संताप यायचा. दोर खांबाला वासराच्या खांद्याच्या उंचीवर बांधायचा, हातभरच ठेवायचा, म्हणजे त्यात पाय अडकत नाही. गाठ सुरगाठच, टोक ओढलं की सुटणारी. आणि वासरू बांधलेलं असेल तोवर आपण जागचं हलायचं नाही.

या हट्टामागं एक गोऱ्हा होता. आक्का नव्या नवरी होत्या तेव्हा त्यांनी तो दारच्या लिंबाला बांधला. लांब दोर, निरगाठ. तेवढ्यात त्यांच्या मालकांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, ओसरीवरून चहा मागितला. आम्ही त्यांना दादा म्हणतो. आक्का आत गेल्या. चहा घेऊन बाहेर आल्या तर गोऱ्हा दोरात गुरफटून पडलेला, गाठ आवळून दगड झालेली. विळा सापडेपर्यंत तो गेला होता... हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, शेंगा फोडता फोडता. दादांना एका शब्दानं बोल लावला नाही.

माझ्या लेकीला बघायला आष्टीचे पाहुणे आले, त्या दिवशी नेमकं नवं वासरू बांधलेलं. सासूबाई दारातून खुणा करून थकल्या. शेवटी मी गेले. "आक्का, उठा की, लोक काय म्हणतील?"

"मी उठले तर ह्याला कोन बघंल? पाव्हण्यायला हितंच आन."

आणले बाई. खताच्या पोत्यांवर बसून पाहुण्यांनी गोठ्यात चहा घेतला, आणि सोयरीक जमली. सासूबाई मात्र बरेच दिवस फुगून होत्या.

तेरावा झाला आणि दादांनी विषय काढला. "कालवड इकून टाकू. अर्धवट शिकलीय, आता तिच्यापाशी कोन बसनार? अन् मला तिच्याकडं बघवत बी न्हाई." आक्कांनी हाती घेतलेली ही शेवटची, तांबडी. अर्धवट शिकलेल्या जनावराला नवा मालक हिसके देऊनच शिकवतो, हे काय मला कळत नव्हतं? थोरल्या दिरासमोर मी कधी तोंड वर करून बोलले नव्हते, पण त्या दिवशी बोलले. "दादा, तिला दोराला शांत उभं राहायला शिकू द्या, मग काय ते ठरवा. तोवर ती दावणीवरून हलणार न्हाई. मी बसते."

आणि बसले. बाजारातून आणलेल्या त्याच दोराची म्होरकी वळली, कालवडीला चढवली आणि तिला खांबाला बांधलं. तिनं हिसका दिला, गुडघ्यावर आली. मी टोक ओढलं, गाठ सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा तेच. मला रडू येत होतं, आणि इतक्या लवकर गेल्या म्हणून आक्कांचा रागही येत होता. पण गाठीवरचा हात काढला नाही. उन्हं कलली तेव्हा कुठं तिनं ओढणं सोडलं आणि दोर ढिला पडला.

घसा कोरडा पडला होता. तिला सोडून पाणी प्यावं म्हणून मी टोक ओढणार, तर मागून दादांचा आवाज आला.

"सोडू नको. उभी हाय ती. तू बस."

त्यांच्या हातात कपबशी होती. दादांनी कधी गॅस पेटवलेला मी पाहिला नव्हता. चहा माझ्यापुढं ठेवून ते कालवडीच्या पलीकडं, आक्का बसायच्या त्या पोत्यावर टेकले. साखर लईच पडली होती. मी कप रिकामा केला, तरी आम्ही दोघंही तिथून हललो नाही.