छायानं न लढलेली कुस्ती

माझी भाची छाया पिंजऱ्यात लढायची. हो, पिंजऱ्यातच. चारी बाजूंनी जाळी, आत दोघी जणी, बुक्क्या-लाथा सगळं चालतं. त्याआधी पोरीनं मातीतल्या सत्तेचाळीस कुस्त्या मारल्या, एकीतही पाठ लागली नाही. मामा म्हणून फुगवून सांगत नाही. चिखली तालुक्यात कुणालाही विचारा.

मुंबईच्या एका कंपनीशी तिचा पाच लढतींचा करार होता. तिसरी लढत जिंकली, पण डाव्या डोळ्याचा पडदा फाटला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक जोराचा ठोसा बसला तर हा डोळा गेला समजा. तिनं मुकाट्यानं कंपनीला कळवलं, मी रिटायर झाले. वय एकतीस.

आता मी बाजार समितीतला जुना कारकून. आमच्यात रिटायर होणं म्हणजे शाल, दोन भाषणं, आणि दुसऱ्या दिवसापासून साहेबाचा बाप आला तरी बोलावू शकत नाही. मला वाटलं, हिचंही तसंच. म्हणून तिला न विचारता मी गावच्या जत्रेत तिचा निरोप ठरवला. आमच्या गावात पैलवान मैदान सोडतो तेव्हा शेवटची एक कुस्ती खेळतो. जिंकेल त्याला मानाचा नारळ. मी देऊळगाव राजाच्या रेवतीशी जोड लावली, फ्लेक्स छापले, भोंग्यावर पुकारलंसुद्धा. अक्कल म्हणून काही असते, ती त्या दिवशी घरी ठेवली होती.

जत्रेच्या दिवशी छाया आली, फ्लेक्स वाचला आणि मला बाजूला ओढलं.

"मामा, कराराचा कागद वाचला होता काय तुम्ही?"

"तू रिटायर झाली ना? मंग करार मेला."

"मेला नाही, झोपला हाये. रिटायर झालं की कराराचे दिवस मोजणं थांबते, पण उरलेल्या दोन लढती तशाच राह्यतात. मी कुठंबी उतरली, मातीत का होईना, नारळासाठी का होईना, की तो जागा होते. मंग कंपनी बोलावते आन् मले जा लागते."

एका नारळापायी मी पोरीचा डोळा डावाला लावला होता! तसाच पंचांकडे धावलो. पंच उत्तमराव, महाहट्टी माणूस.

"पुकारलेली कुस्ती रद्द होत नाही, दयाराम," ते म्हणाले. "जो उतरणार नाही तो हरला. गावाचा नियम हाये."

हरली? छाया? अरे, हा शब्द तिच्या नावापुढे कधी लागलाच नव्हता! तिकडे रेवती दंड थोपटून उभी, इकडे सगळी जत्रा "छाया! छाया!" करून राह्यलेली. मी तिला लहानपणापासून ओळखतो. कुणी ललकारलं की तिची मूठ आपोआप वळते. वळलीच. मी तिथंच गजानन महाराजांना हात जोडले.

छाया मातीच्या कडेपर्यंत गेली आणि थांबली. आत पाऊल टाकलं नाही. पुकारणाऱ्याच्या हातातून माइक घेतला.

"मी रिटायर हाये," ती म्हणाली. "मले माहा डोळा पाह्यजे. रेवती, नारळ तुहा."

एका कोपऱ्यातून हुर्यो उठली. कुणीतरी "भ्याली बे!" म्हणून ओरडलं. मी त्याचं थोबाड रंगवायलाच निघालो होतो, पण छायानं माझा हात धरून ठेवला. उत्तमरावांनी भोंग्यावर सांगितलं, "छाया हरली!" तिनं ते उभ्यानं ऐकलं, मान ताठ ठेवून. सत्तेचाळीस वेळा तिला जिंकताना पाहिलं मी, पण माझी छाती त्या दिवशी फुगली तशी कधी फुगली नव्हती. गर्व म्हणा हवं तर. होता मला गर्व.

परत येताना जीपमध्ये मात्र मला रडू आवरेना.

"माह्यापायी तू हरली वं," मी म्हटलं.

तिनं तळहातानं उजवा डोळा झाकला आणि डाव्यानं बराच वेळ माझ्याकडे निरखून पाहत राहिली.

"मामा, मिशीले कलप लावता तं नीट लावत जा," ती म्हणाली. "दोन केस पांढरे राह्यले."