फॉल-बिडिंगवाली लीडर

माझ्यात नेतृत्वगुण आहेत हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं, तेही परळच्या एका काचेच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर, दुपारच्या जेवणानंतर. तोवर मी लालबागच्या चाळींतून घरोघर फिरणारी आरोग्य स्वयंसेविका होते. पोरांचे डोस, गरोदर बायकांच्या नोंदी, टीबीच्या गोळ्या, आणि पिंपातलं साठवलेलं पाणी ओतून टाका म्हटलं की मिळणाऱ्या शिव्या, हे माझं काम. स्वयंसेविका हा शब्द मोठा सोयीचा आहे. बाईला राबवून तर घ्यायचं, पण नोकरीवर ठेवलं असं म्हणायचं नाही, अशा वेळी तो वापरतात.

एका संस्थेने जाहिरात काढली होती. सार्वजनिक आरोग्य शिकणारी मुलं आणि त्यात काम करणारी माणसं यांच्यातून त्यांना उद्याचे नेते घडवायचे होते. पाच दिवसांचं शिबिर, शेवटच्या दिवशी प्रत्येकाने व्यासपीठावरून आपल्या कामाची एक गोष्ट सांगायची, आणि त्यातून तिघांना फेलोशिप. सार्वजनिक आरोग्याच्या पदविकेची सगळी फी संस्था भरणार. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझा अर्ज भरून दिला. मला ते शिक्षण हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. पंधरा वर्षं मी दुसऱ्यांनी आखलेले रकाने भरत होते. ते कोण आखतं आणि कशाच्या जिवावर आखतं, हे मला एकदा जवळून बघायचं होतं.

शिबिर घेणारी मुलगी तिशीची, हसतमुख, अनवाणी फिरणारी. पहिल्याच मिनिटाला म्हणाली, "इथे कोणी मॅडम नाही, कोणी सर नाही. मला नावाने हाक मारा." आम्ही दवाखान्यांतून आलेल्या बारा बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागलो. नुसत्या नावाने हाक मारायची म्हणजे तोंड उघडेना. शेवटी आम्ही तिच्या नावापुढे मॅडम लावून तोडगा काढला. खोलीत एसी इतका होता, की उद्याचे नेते डोक्यावरून पदर घेऊन बसले होते.

पहिल्या दिवशी रद्दी पेपर आणि चिकटपट्टी घेऊन मनोरे बांधायचे होते. पब्लिक हेल्थ शिकणाऱ्या मुलांचा मनोरा छताकडे निघाला. आमचा बसकाच राहिला, कारण आधी खालचा भाग रुंद करू या असं सगळ्याजणींचं म्हणणं पडलं. मॅडम म्हणाली, तुम्ही मोठी स्वप्नं बघायला घाबरता. जिन्याला टेकू लावलेल्या चाळीत राहणाऱ्या बायकांना ती उंच बांधायला शिकवत होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या दर अर्ध्या तासाने वाजवायच्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी नेता म्हणून तुम्ही कोणता प्राणी, हे सांगायचं होतं. मुलं भराभर गरुड, सिंह, लांडगा होऊन गेली. माझ्या शेजारी माझगावची एक स्वयंसेविका बसली होती, जातीची कोळीण, तोंडाने तिखट. ती म्हणाली, "मी बोंबील."

"का?" मॅडमने डोळे मोठे करून विचारलं.

"कणा असून नसल्यासारखा. नि उन्हात टांगल्याशिवाय कोण भाव देत नाय."

आम्ही बाराजणी हसून हसून लोळलो. मॅडमने फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'रेझिलियन्स' लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

तिसऱ्या दिवशीचा शब्द होता व्हिजिबिलिटी. नेता दिसला पाहिजे. तुम्ही लोक इतकं काम करता आणि लपून राहता, हीच तुमची चूक, असं मॅडमने बजावलं. आमच्या कामात बाई कोणाच्या नजरेत आली नाही की काम नीट झालं असं धरतात, हे मी उठून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. शहाण्या मुलीसारखं वहीत उतरवून घेतलं.

आणि मग गोष्टी निवडायचा दिवस आला. मी आधी डेंग्यूच्या फेरीची गोष्ट सांगून बघितली. मॅडम मान हलवत राहिली, पण तिचं लक्ष फोनकडे गेलं. लसीकरणाची सांगितली. "छान आहे, पण यात तू कुठे आहेस?" म्हणाली. तेव्हा मी फॉल-बिडिंगची गोष्ट काढली.

लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक बावीस वर्षांची सून होती. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तोच तिच्या मानेत गाठ आली, तपासली तर टीबीची निघाली. गाठीचा टीबी कोणाला लागत नाही. सहा महिने गोळ्या घेतल्या की प्रश्न मिटतो. पण तिच्या सासूचा नवरा, गिरणीतला, खोकून खोकून गेला होता. त्या बाईने नवऱ्याची थुंकी राखेत धरली होती. तिच्यापुढे टीबी हा शब्द काढायची कोणाची छाती नव्हती. मुलगा म्हणाला, "आईला कळता कामा नये." मग दर आठवड्याला गोळ्या द्यायच्या कशा, ती खाते की नाही बघायचं कसं? मी फॉल-बिडिंगवाली झाले. पिशवीत दोन फॉल, सुईदोरा आणि तळाला गोळ्यांची पाकिटं. सासूला माझा काही संशय आला नाही. उलट तिने आपल्या पेटीतल्या साड्या काढून दिल्या. "ह्या लुगड्याक पण लाव गो बाय, पण टाको बारीक घाल." सोंग घेतलं की निभवावं लागतं. मी आयुष्यात बटणसुद्धा धड लावलं नव्हतं. दोन महिने माझ्या बहिणीने रात्री बसून त्या साड्यांना फॉल लावले, आणि टाक्यागणिक मला शिव्या घातल्या.

मॅडमचा फोन खाली गेला. "हीच," ती म्हणाली. "हीच गोष्ट. यू आर अ बॉर्न लीडर."

माझगाववाली मला बाहेर चहाच्या टेबलाशी घेऊन गेली. "दुसरी कायतरी सांग," म्हणाली. "ह्या गोष्टीत बाई अजून गोळ्या खातेय." मला राग आला. वाटलं, हिची गोष्ट पडली म्हणून ही जळते. मी म्हटलं, नाव कुठे घेणार आहे मी?

त्याच संध्याकाळी मी त्या सुनेला विचारलंही. सासू देवळात गेली होती. मुलगी बेसिनपाशी उभी राहून गोळ्या गिळत होती. "माझं नाव नाही ना येणार?" तिने विचारलं. म्हटलं, नाही. "फोटो?" नाही. "मग सांगा ताई. तुमचं शिक्षण होत असेल तर माझं काय जातंय?" तिने संस्थेच्या कागदावर सही केली. त्या कागदावर सगळं होतं. रुग्णाचं नाव नको, चेहरा नको, चाळीचा पत्ता नको. इतका काळजीपूर्वक लिहिलेला कागद मी आमच्या खात्यात कधी बघितला नव्हता.

शेवटच्या दिवशी मी व्यासपीठावर उभी राहिले आणि सांगितली. तीन कॅमेरे होते. सासूच्या मालवणीची नक्कल केली तेव्हा सगळं सभागृह हसलं, थुंकी आणि राख आली तेव्हा सगळे गप्प झाले. मला फार बरं वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही. पंधरा वर्षांत माझं बोलणं कोणी इतका वेळ मध्ये न तोडता ऐकलं नव्हतं. तिघांत माझा नंबर पहिला लागला. फी भरली गेली. संस्थेने व्हिडिओ बनवला, मागे बासरी घातली आणि जगभर सोडून दिला. त्यात मुलीचं नाव नव्हतं, चेहरा नव्हता, पत्ता नव्हता. पडदाभर मी होते. माझं नाव, माझं लालबाग, आणि माझं हे थोबाड.

सासूच्या फोनवर तो माटुंग्याच्या भाचीकडून आला. 'मावशी, ही तुमच्याकडे येते ती बाई ना?'

मी नेहमीच्या दिवशी पिशवी घेऊन गेले तर ती दारातच पाट टाकून बसली होती. फोन माझ्यासमोर धरला. त्यात मी तिचीच नक्कल करत होते आणि माणसं हसत होती. तिने ती पूर्ण चालू दिली.

"ही तूच मां?"

"हो."

"तुका काय वाटला, माका कळाचा नाय?"

मी खाली बसले. तिला समजावू लागले, की हा गाठीचा टीबी आहे, फुप्फुसाचा नाही, तो कोणाला लागत नाही, पोरीच्या गोळ्या चार महिने झाल्यात, आता दोनच उरलेत. सगळं बरोबर सांगत होते. पंधरा वर्षं तेच सांगत आले आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लागणारो नाय, तर लपवलात कित्याक?"

ती खोटं बोलत नव्हती, आरडाओरडा करत नव्हती. तिला घरात मरण दिसलं होतं आणि आम्ही तिघांनी मिळून तिला चार महिने उल्लू बनवलं होतं. वर मी त्यावर बक्षीस घेतलं होतं. आतल्या खोलीत सून भिंतीला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. नवरा कुठे होता विचाराल, तर गॅलरीत, फोनवर. मुंबईचे पुरुष अशा वेळी नेहमी गॅलरीत फोनवर असतात.

रविवारी सुनेचा भाऊ आला आणि तिला गावी, माहेरी घेऊन गेला. बरी हो, मग बघू, असं सासूने सांगितलं म्हणे. 'मग बघू'चा अर्थ आमच्याकडे लहान पोरालाही कळतो.

मी मॅडमला फोन केला. तो व्हिडिओ काढा म्हटलं. ती ऐकताना खरंच हळहळली, आवाज बारीक झाला. म्हणाली, वर विचारावं लागेल, निधी देणाऱ्यांना तो फार आवडलाय. मग म्हणाली, "पुढच्या महिन्यात आपलं एक सत्र आहे, अपयशातून नेतृत्व. तू हे तिथे सांगशील का? खूप पॉवरफुल होईल."

फोन आपटायला हवा होता. मी म्हटलं, बघते. फी भरली गेली होती आणि वर्ग सुरू झाले होते. पहिल्याच आठवड्यात आम्हाला रुग्णाच्या गोपनीयतेचा धडा होता. मी पुढच्या बाकावर बसून टिपणं काढली, त्यात काहीही चुकीचं नव्हतं.

मुलीचा फोन चार दिवस लागला नाही. पाचव्या दिवशी तिने उचलला. मी माफी मागू लागले तर म्हणाली, "राहू दे ताई." गोळ्यांचं काय, म्हटलं. बरोबर नेलेलं पाकीट दोन दिवसांत संपणार होतं. मी म्हटलं, गावात आरोग्य केंद्र आहे, मी तिथल्या आशाताईशी बोलते, ती आणून देईल. ती अगदी हळू बोलली, "इथे कोणाला काही माहीत नाही. मानेला काय झालं विचारतात तर गळू झालं सांगते. इथे पण कळलं ना, तर मी गोळ्या सोडीन. मग काय व्हायचं ते होऊ दे." आणि ती सोडणारी होती. अर्धवट सोडलेल्या गोळ्यांनंतर येणारा टीबी मी बघितला आहे.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या उपचारांच्या बदलीचा कागद पाठवला आणि मी त्या गावच्या आशाला फोन लावला. माझं नाव सांगितलं, लालबागच्या दवाखान्यातून बोलतेय, एक रुग्ण तुमच्याकडे आलीय, दोन महिन्यांच्या गोळ्या बाकी आहेत. तिकडून आवाज एकदम उजळला.

"अगो बाय! तुमीच त्या फॉलवाल्या बाई काय? आमका मिटिंगीत तुमचो व्हिडिओ दाखवल्यांनी!"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हंजे ही तीच सून?" तिने विचारलं. तिच्या आवाजात खोट नव्हती, नुसता आनंद होता.

"छे गो," मी म्हटलं, "ती मी नाही. ती दुसरी."

"नाव तर ह्याच होता."

"एका नावाच्या पुष्कळ असतात लालबागात. ही माझी रुग्ण वेगळीच, साध्या घरातली. सासूबिसूचं काही नाही."

ती जरा हिरमुसली. "ती बाई हुशार हा पण," म्हणाली.

"हुशार असती तर आधी स्वतःचं तोंड झाकलं असतं," मी म्हटलं. "तू पेन घे. गोळ्यांचं लिहून घे."