चार बोटं निळी पट्टी

किन्हवलीच्या गोजाबाईला दम म्हणून धरवत नाही. भात शिजायच्या आधी ती ताटं मांडते, एसटीच्या तासभर आधी फाट्यावर जाऊन बसते. लेक संध्या बाळंतपणाला माहेरी यायच्या कितीतरी आधीच तिनं नातवंडाची गोधडी शिवायला घेतली होती. पहिलटकरीण बाळ घेऊन सासरी निघाली की आईनं आपल्या हातची गोधडी द्यायची, ही घरची रीत.

गोधडीच्या आत गोजाबाईच्या जुन्या, मऊ झालेल्या साड्या होत्या. फक्त कडेची पट्टी लावायची राहिली होती. ती निघणार होती पांडूच्या निळ्या उपरण्यातून. पांडू म्हणजे तिचा नवरा. दर चौदा एप्रिलच्या जयंतीला तो ते उपरणं गळ्यात घालून मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे असायचा. नातवाचं तोंड बघायला तो काही राहिला नाही. उपरणंही मधे पार विरलं होतं, काठाकडचं तेवढं कापड टिकलेलं, जेमतेम एका वेढ्यापुरतं. संध्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिचा चेहरा कसा होईल या विचारानंच गोजाबाई कित्येक दिवस एकटीच हसत होती.

आणि आज सकाळी मुरबाडहून फोन आला. रविवारी येणारे व्याही आज दुपारीच न्यायला येतो म्हणाले. झालं, गोजाबाईच्या अंगात वारं शिरलं. कोंबडी चुलीवर चढली, परातीत पीठ पडलं. पिठाचे हात वर धरून तिनं धाकट्या नणंदेला, बाईजाला, दबक्या आवाजात सांगितलं की उपरणं घे आणि चार बोटं रुंद पट्ट्या काप. संध्या आतल्या खोलीत बाळाला पाजत होती.

बाईजानं चार बोटं मोजून सरळ, सुरेख पट्ट्या कापल्या, जोडल्या. गोजाबाईनं हात धुऊन पट्टी गोधडीच्या कडेला धरली, मागं वळवली. पट्टी मागं पोचतच नव्हती. एक बोट पुढं, एक मागं, उरलेली दोन जाडीत नि दुमडीत, हा सासूनं शिकवलेला हिशेब आजवर कधी चुकला नव्हता. तिनं बाईजाचा पंजा ओढून आपल्या पंजाशेजारी ठेवला. बाईजाची बोटं शेवग्याच्या शेंगा, आणि हिची वेलची केळी. जन्मभर एका घरात राबल्या, पण बोटांकडे कोण बघतंय?

गोजाबाई अशी तडकली की तव्यावरची भाकरी करपली तरी तिला पत्ता नाही. बाईजा रडवेली होऊन म्हणाली की लाल कापडाची जोड देऊ, कोणाला कळणार आहे?

"दुसरं कापड नाय लावायचं. कडेला ह्यांचंच पायजे."

पण उपरण्याचं उरलेलं कापड बोट लावताच फाटत होतं. गोजाबाईनं गोधडीची कड चिमटीत धरली, चोळली, आतले पदर चाचपले. आणि एकदम तिचे डोळे चमकले.

"पट्टी वाढत नाय ना? मंग कड बारीक करू."

तिनं कडेचे टाके उसवले आणि आतले दोन पदर ओढून कात्री घेतली. बाईजा दचकली. आतली पांढरी साडी वैनीच्या लग्नातली होती, तिनं लगेच ओळखली. तिनं तसं म्हणेपर्यंत गोजाबाईची कात्री एक बाजू संपवून वळलीसुद्धा. साडीची कड गेली, गोधडीची कड पातळ झाली, आणि निळी पट्टी अलगद मागं जाऊन बसली. मग दोघी दोन टोकांनी शिवायला बसल्या. शेवग्याच्या शेंगाच पुढं निघाल्या. शेवटची गाठ मारली आणि अंगणात गाडी वाजली.

जेवणं झाल्यावर गोजाबाईनं सगळ्यांदेखत गोधडी संध्याच्या हातात ठेवली. संध्यानं उलगडली. तिचा हात कडेवरून फिरला आणि थांबला.

"आये, हे बाबांचं हाय ना?"

गोजाबाईनं नुसती मान हलवली. आता संध्या बाळाला गुंडाळणार म्हणून सगळे बघत होते. तिनं बाळ सासूच्या मांडीवर दिलं आणि ती एवढीशी गोधडी आपल्याच खांद्यांवर ओढून घेतली. पुरत नव्हती, तरी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली.

बाळ उघडं पडलंय, बाईजा पुटपुटली. गोजाबाईनं डोळे पुसत तिला गप्प केलं.

"ऱ्हाऊ दे गो. नातवाचं मागनं. आधी लेकीला घेऊ दे."