देवापुढची सुपारी आणि मेतकुटाचा डबा

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतो, पण खरं सांगायचं तर चुका काढायला वाचतो. रस्त्यात बाई दिसली म्हणे... मग धुकं होतं का? झोप किती झाली होती? बरोबर दुसरं कोण होतं? वैद्यकीय उपकरणांच्या एका कारखान्यात मी व्हॅलिडेशनचं, म्हणजे मशिनं तपासून खात्री करण्याचं काम करतो. मशिनने एक आकडा चुकीचा दिला, तर तो का दिला हे सापडेपर्यंत फाइल बंद करता येत नाही. ही एक फाइल माझ्याकडून बंद होत नाहीये, म्हणून लिहितोय. कोणाला घाबरवायचं नाही, पटवायचंही नाही. तेवढा उत्साहच उरलेला नाही.

आम्ही डब्लिनला, सिटीवेस्टमध्ये राहतो. मी आणि बायको वैशाली. मुलगी ईरा गॉलवेला शिकते. वैशालीला नागीण झाली होती. फोड गेले, डाग गेले, पण दुखणं मागे राहिलं — उजव्या बाजूला, बरगड्यांवर. ब्लाउजचा काठ लागला तरी विजेचा झटका बसल्यासारखं होतं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दुखणं थोडं कमी व्हायचं, पण दिवसभर गुंगी. रात्री ती डाव्या कुशीवर भिंतीकडे तोंड करून पडते. झोपली आहे का, असं मी विचारत नाही. उत्तर माहीत असतं.

ईरानेच कुठेतरी वाचून सांगितलं, की अशा दुखण्यावर गांजातल्या औषधाने काहींना आराम पडतो. मी माझ्या स्वभावाप्रमाणे आधी कायदा काढून बसलो. आयर्लंडमध्ये डॉक्टर ते लिहून देऊ शकतात, पण त्या योजनेत मोजके आजार आहेत आणि हे दुखणं त्यांत नाही. त्याबाहेर खास परवाना मिळू शकतो, पण त्यासाठी स्पेशालिस्ट लागतो, आणि आमच्या स्पेशालिस्टची तारीख पुढे पुढेच जात होती. मग बाहेरचे देश पाहिले. जर्मनीत सज्ञान माणसाने थोडा गांजा जवळ बाळगला तर चालतो, पण पाहुण्याला तो विकत कुठे मिळत नाही. माल्टामध्ये क्लब आहेत, तेही तिथे राहणाऱ्यांसाठी. पोर्तुगालमध्ये थोडासा सापडला तर तुरुंग नाही, पण दुकानही नाही. थायलंडने सगळं उघडलं आणि नंतर डॉक्टरची चिठ्ठी मागायला सुरुवात केली. राहिलं ॲमस्टरडॅम. तिथेही तो कायदेशीर नाहीच, ठरावीक दुकानांत (त्यांना कॉफीशॉप म्हणतात) ठरावीक वजनापर्यंत सरकार कारवाई करत नाही, एवढंच. (हे नियम सारखे बदलतात. माझ्या भरवशावर कोणी तिकिटं काढू नका.)

हे सगळं मी ईराला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, यू आर गोइंग ऑन अ हॉलिडे, नॉट ॲन ऑडिट. इट्स ग्रँड." इथल्या भाषेत ग्रँड म्हणजे ठीक.

एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी होती. सीमा ओलांडून काही आणायचं नाही. आमचा नागरिकत्वाचा अर्ज गेलेला होता. त्यात चारित्र्य चांगलं असल्याची अट आहे. एक गुन्हा नोंदला गेला तर अर्ज गेलाच, आणि बहुतेक माझी नोकरीही. हे मी वैशालीला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "ऐकलं रे. पाठ झालं."

घर बंद करायची माझी एक पद्धत आहे. इमर्शन, म्हणजे पाणी तापवायचा हीटर, बंद. मागचं दार बंद. कचरा बाहेर. आणि शेवटी देवापुढे सुपारी. आमचे देव हॉलमधल्या प्रेसमध्ये आहेत... इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता आमच्याही तोंडी तेच बसलंय. प्रवासाला निघताना चांदीच्या वाटीत सुपारी ठेवायची, सुखरूप परत आलो की उचलायची. माझ्या लेखी ही श्रद्धा नाही, सवय आहे. गॅस बंद केला का ते बघतो, तसं. वर्षानुवर्षं तीच एक सुपारी. वैशालीने एकदा तिला अडकित्ता लावला होता, फुटेना म्हणून सोडून दिली, त्याची आडवी चीर तिच्यावर आहे. त्या दिवशी वैशाली टॅक्सीत बसल्यावर सुपारी मी ठेवली, प्रेस लावलं, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या खिशात टाकली.

ॲमस्टरडॅमचं फार सांगण्यासारखं नाही. पावसाळी हवा, ओले पूल, पोरांनी भरलेलं कॉफीशॉप आणि त्यात आम्ही दोघं, स्वेटर घालून, बँकेत आल्यासारखे. वैशाली सिगरेट ओढणार नव्हती, म्हणून गांजा घातलेला केक घेतला. काउंटरवरच्या मुलीने बजावलं, की चतुर्थांशच खा आणि थांबा. हॉटेलवर येऊन तिने तेवढाच खाल्ला. मी शेजारी खुर्ची घेऊन बसलो. काही होईल अशी मला भीती होती.

काही झालं नाही. ती झोपली. सकाळी उठून म्हणाली, "मी उजव्या कुशीवर होते का रे?"

होती.

निघायच्या दिवशी तिने उरलेला केक नेऊया का, असं विचारलं. मी नाही म्हणालो. तिने पुन्हा विचारलं नाही. टाकून दिला असेल असं मी धरून चाललो.

डब्लिन विमानतळावर युरोपातून येणाऱ्यांच्या वाटेने बाहेर पडत होतो. दुपारची वेळ, गर्दी बेताची. कस्टम्सचा कुत्रा आला आणि वैशालीच्या पिशवीशी बसला. अगदी शांतपणे. वास सापडला की ते असेच बसतात. त्याच्याबरोबरचा माणूस पन्नाशीचा, लाल गालांचा, फार सभ्य. पिशवीत नसावं असं काही आहे का, त्याने विचारलं. मी ठामपणे नाही म्हणालो. वैशाली कुत्र्याकडे बघत राहिली. तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं, आणि मला कळलं.

त्याने एकेक वस्तू बाहेर काढली. शाल, औषधं, मेतकुटाचा डबा. मेतकूट आमच्याबरोबर सगळीकडे येतं — परदेशी हॉटेलात भात मिळतो, पण त्यावर घालायला काही मिळत नाही. त्याने झाकण उघडलं. पिवळी पूड बघून ही काय, विचारलं. डाळी आणि हळद, मी म्हणालो. त्याने पूड एका ट्रेमध्ये ओतली. वैशालीने माझ्या कोटाची बाही धरली. पुडीबरोबर काहीतरी टणक खडखडलं.

हातमोज्यातल्या दोन बोटांनी त्याने ते उचललं. "अँड हू इज युअर मॅन?" म्हणजे, हे काय प्रकरण?

सुपारी होती. आडव्या चिरेची.

मी काय उत्तर दिलं ते नीट आठवत नाही. पूजेची आहे, प्रवासात सुखरूप राहावं म्हणून ठेवतो, असं काहीतरी. त्याने ती हुंगली, कुत्र्याला पुन्हा एकदा फिरवलं. या वेळी कुत्र्याला आमच्यात रस नव्हता. तो माणूस म्हणाला, कॉफीशॉपमध्ये बसला असाल, कपड्यांना वास राहतो. मग त्याने मेतकूट जमेल तितकं डब्यात भरून दिलं, वर सुपारी ठेवली आणि म्हणाला, "यू आर ग्रँड. सेफ होम."

बसच्या थांब्यावर वैशाली बाकावर बसली.

"मी त्यात केक ठेवला होता," ती म्हणाली. "फॉइलमध्ये गुंडाळून. अगदी तळाशी."

"आणि सुपारी?"

"सुपारी तू ठेवतोस."

"मी देवापुढे ठेवली होती. घरी."

तिने डबा उघडला, पुन्हा पाहिला, बंद केला. चिडायला हवं होतं मी. पण तिचा हात बरगडीवर होता आणि मला फक्त थकवा आला होता.

घरी आलो. कुलूप जसंच्या तसं. मी बूट न काढता प्रेस उघडलं. चांदीच्या वाटीत फॉइलची पुडी होती. आत केक, एका बाजूने चतुर्थांश खाल्लेला, आणि त्याखाली त्या दुकानाचा स्टिकर. फॉइलच्या घड्यांमध्ये मेतकूट भरलं होतं. बाकी वाटीत, ताम्हनात, कपड्यावर मेतकुटाचा एक कणही नव्हता.

आता शंका काढायच्या त्या सगळ्या माझ्या काढून झाल्यात. वैशालीने निघतानाच सुपारी उचलली असेल? ती माझ्याआधी बाहेर पडली होती. बरं, उचलली असं धरू... पण केक तर तिकडे विकत घेतलेला. ईराकडे घराची किल्ली आहे, पण ती गॉलवेला होती, आणि तिने घर उघडलं असतं तरी आमच्या पिशवीतला केक तिच्या हाती कसा येणार? मला विसर पडला असेल, दुसरी तशीच सुपारी असेल? चीर मी ओळखतो. मग दोघांना एकच भास झाला म्हणावं, तर कस्टम्सच्या त्या माणसाचं काय?

आणि एक गोष्ट मला जास्त छळते. नियम मोडू नये म्हणून कोणी हे केलं असेल, तर केक नुसता नाहीसा व्हायला हवा होता. तसं झालं नाही. आम्ही पकडले गेलो नाही आणि केक घरी पोचला. ज्या कोणी केलं, त्याने दोघांचंही ऐकलं होतं.

तो केक आता आयर्लंडमध्ये होता, म्हणजे गुन्हाच. मी काही बोलायच्या आत वैशाली म्हणाली, "आता तुझा कायदा काय म्हणतो? देवाला अटक?"

मला हसू आलं. तिलाही आलं, मग हसताना बरगडी दुखली म्हणून ती थांबली. बराच वेळ तिने पुडी हातात धरली होती. शेवटी तिनेच ती उघडून ओल्या कचऱ्याच्या ब्राऊन बिनमध्ये टाकली, चहाच्या चोथ्याखाली.

"असा आलेला खाऊन झोप लागायची नाही मला," ती म्हणाली.

त्यानंतर पुन्हा एकदा आम्ही तिकडे जाऊन आलो. तिला झोप मिळावी एवढ्यासाठीच. स्पेशालिस्टची तारीख अजून पुढेच आहे, अर्जाचंही उत्तर नाही. निघताना मी इमर्शन बंद केलं, मागचं दार लावलं आणि सुपारी ठेवायला प्रेस उघडलं. वैशाली कोट चढवत मागे उभी होती.

"राहू दे रे या वेळी," ती म्हणाली. "मी काही आणणार नाहीये. तिला कशाला दमवायचं?"

मी तरीही ठेवली. वैशाली तिथे नीट झोपली, आणि ठरल्याप्रमाणे आम्ही मोकळ्या हातांनी परत आलो. विमानतळावर कोणी थांबवलं नाही. घरी येऊन मी आधी प्रेस उघडलं. सुपारी वाटीत होती, ठेवली तशीच, चीर वर. दुसरं काही नव्हतं. हे असंच असायला हवं, सगळं नियमाप्रमाणे.

पण का कोण जाणे, ती जागेवर बघून मला वाईट वाटलं. वैशाली वर गेली होती, आणि पलंगाचा आवाज खाली मला ऐकू आला. ती डाव्या कुशीवर वळली असणार.