कापूरखालाची जीभ

मेलेल्या बाईला शेवटची अंघोळ घालावी तर कापूरखालानेच, असं सगळी गल्ली म्हणायची. शेवटच्या तांब्यातल्या पाण्यात कापूर चुरून चुरून तो वास तिच्या बोटांना कायमचा चिकटला, म्हणून हे नाव. हात असा हळुवार, की झोपलेल्या बाळाला न्हाऊ घालतेय असं वाटावं. आणि तोंडाला कुलूप! कुणाच्या अंगावर कसला डाग, कुणाच्या पाठीवर कसले वळ, पडद्याआड जे दिसलं ते तिथल्या पाण्याबरोबर वाहून गेलं. कुणी खोदून विचारलंच तर ती फणकारायची, "मेलेल्याची अब्रू माझ्याकडे ठेव आहे. चल, हो बाजूला!"

जिवंतांची अब्रू मात्र तिच्याकडे कुणी ठेवायला दिली नव्हती. नळावर बादली भरेपर्यंत बाई शेजारपाजारच्यांची पिसं काढायची. तीही अशी रंगवून, की ऐकणारीचं हसून हसून पोट दुखावं.

तिची भाची दीनचं, म्हणजे धर्माचं, शिक्षण घेऊन आली होती. दुपारी घरातच बायकांना जमवून शिकवायची. त्या दिवशी विषय निघाला कबीरा गुनाहांचा, म्हणजे मोठ्या पापांचा. अल्लाहसोबत दुसऱ्या कुणाला पुजणं, खून, जादूटोणा, अनाथाला लुबाडणं. कापूरखाला पुढेच बसलेली. एकेक पाप आलं की शेजारणीला कोपराने ढोसायची, "ऐक गं, तुझ्या जावेला सांग जाऊन!"

"आणि शीलवान बाईवर आळ घेणं," भाची म्हणाली. "असा आळ घेणाऱ्यांवर दोन्ही जगांत लानत आहे, शाप आहे. कयामतच्या दिवशी त्यांची स्वतःची जीभच त्यांच्याविरुद्ध साक्ष देईल."

कोपर जागच्या जागी थांबलं. "गमतीत बोललं असलं तर गं?" खालाने विचारलं.

"गमतीने त्या बाईची गेलेली अब्रू परत येते का, खाला? माणूस त्या दिवशी नमाज-रोज्यांचा डोंगर घेऊन येईल. ज्यांची ज्यांची अब्रू घेतली, ते सगळे पुण्य वाटून नेतील. पुण्य संपलं, की त्यांची पापं याच्या डोक्यावर, आणि हा जहन्नममध्ये. ज्याचं बिघडवलं त्याच्याकडून इथेच माफी मिळवायला हवी."

खालाला एकदम आठवलं. अगं बाई! काजवाली!

काजवाली तळमजल्यावर राहायची, शर्टांना काजं करायची. नवरा जहाजावर, घरी तेव्हा म्हातारी सासू. मशीन जुनाट, म्हणून मिस्त्री सारखा यायचा. एकदा नळावर खाला डोळे मिचकावून म्हणाली होती, "एवढ्या फेऱ्या मारतो बाबा, बिघडलंय काय नक्की? मशीन की मालकीण?" बायका खो-खो हसल्या. बस्स, एवढंच! पण ते वाक्य तिखटमीठ लावून जहाजापर्यंत पोचलं. नवरा आला, भांडला, गेला तो परत फिरकलाच नाही. आणि खाला? तिने ते वाक्य विसरूनही टाकलं होतं. कमाल आहे की नाही!

ती तशीच उठली. चपला उलट्यासुलट्या घालून जिना उतरली. काजवाली दारातल्या उजेडात शर्ट घेऊन बसली होती.

"मला माफ कर," खाला उंबऱ्यावरूनच म्हणाली.

"कशाबद्दल, खाला?"

आता बोलणं भाग होतं. तिने ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. "मशीन की मालकीण... ते मी बोलले होते. आधी मीच."

काजवालीच्या हातातली कात्री खाली पडली. "तुम्ही?" ती उठून उभी राहिली. "मला वाटलं, सासूने सांगितलं. त्याच्या कानात तिनेच विष ओतलं असं धरून चालले मी. ती मरेपर्यंत एका शब्दाने बोलले नाही तिच्याशी. शेवटी तिने पाणी मागितलं, तेसुद्धा शेजारणीच्या हातून दिलं."

 त्या म्हातारीला खालानेच शेवटची अंघोळ घातली होती. शेवटचा, कापराचा तांब्या सुनेने ओतावा म्हणून तिने हाक मारली होती. सून दारातच उभी राहिली, आत आली नाही. दुसऱ्या दिवशी नळावर खालानेच सांगितलं होतं, "दगड आहे बाई, दगड!"

"तुम्हाला मी करीनही माफ," काजवाली म्हणाली. "पण मी कुणाकडे मागू? ती तर गेली. बोला ना! ती कधी माझ्याबद्दल काही बोलली होती का?"

आयुष्यात पहिल्यांदा खालाला वाटलं, आपण मुक्या असतो तर बरं झालं असतं.

"त्या मिस्त्रीवरून मी विचारलं होतं तिला नळावर. मुद्दाम, खोचून," ती म्हणाली. "म्हातारी बादली तशीच अर्धी उचलून निघून गेली. 'माझी सून मला माहीत आहे', एवढंच म्हणाली."

काजवालीने अर्धवट काजाचा शर्ट तोंडावर दाबून धरला. आणि कापूरखाला, जिने शेकडो प्रेतांना न घाबरता हात लावला होता, तिचा हात त्या जिवंत बाईच्या खांद्यापर्यंत काही पोचेना.